स्प्लेंडरची बॅटरी पुन्हा पुन्हा बसते: आधी काय मोजायचे आणि कॉइल प्लेट कधी उघडायची

दुखणे ओळखीचे आहे. नवी बॅटरी टाकली की दोन-तीन महिने हॉर्न खणखणीत वाजतो. मग त्याचा घसा बसतो आणि इंडिकेटर लुकलुकायचे सोडून नुसते मिणमिणतात. बॅटरी चार्ज करून आणली की आठवडा बरा जातो, की पुन्हा तेच. मग दुसरी बॅटरी येते, नंतर कुणीतरी सांगते म्हणून रेक्टिफायर, शेवटी कॉइल प्लेट. इतका खर्च होऊनही दोष तिथेच असतो, कारण एकदाही कुणी मीटर लावून पाहिलेला नसतो.

पुढचे सगळे जुन्या किकच्या हीरो होंडा स्प्लेंडरसाठी आहे: 12 व्होल्ट, 2.5 अँपिअर-तासाची बॅटरी आणि इंजिन चालू असतानाच पेटणारा हेडलाइट. त्याच इंजिनाच्या जुन्या पॅशनलाही बहुतेक लागू पडेल. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना हेडलाइट सतत पेटता ठेवणे सक्तीचे झाले. त्यानंतरच्या गाड्यांची वायरिंग वेगळी असू शकते, म्हणून तिथे इथले रंग आणि आकडे डोळे मिटून वापरू नका.

या गाडीचे चार्जिंग कसे चालते

इंजिनाच्या डाव्या बाजूला क्रँकच्या टोकावर मॅग्नेट फिरतो. त्याच्या मागे कॉइल प्लेट बसलेली असते. प्लेटवर तीन वेगवेगळी कामे करणारी गुंडाळी आहे. एक सीडीआयला, म्हणजे स्पार्क घडवणाऱ्या युनिटला, वीज देते, तिची वायर काळी-लाल. दुसरी स्पार्कची वेळ सांगणारी पल्सर, तिची वायर निळी-पिवळी. तिसरी चार्जिंग आणि दिव्याची, आणि आपले काम तिच्याशी आहे. या तिसऱ्या गुंडाळीचे एक टोक प्लेटलाच जोडलेले, म्हणजे अर्थला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला). दुसऱ्या टोकाची वायर पांढरी. मधूनच एक फाटा निघतो तो पिवळा, दिव्यांसाठी.

पांढरी आणि पिवळी दोन्ही रेग्युलेटर-रेक्टिफायरला जातात. गॅरेजमध्ये त्याला आरआर युनिट किंवा नुसते रेक्टिफायर म्हणतात. फ्रेमला बोल्टने आवळलेला, पंख असलेला अ‍ॅल्युमिनियमचा हा छोटा ठोकळा. त्याला चार वायरी: पांढरी, पिवळी, लाल, हिरवी. लाल फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसला जाते, हिरवी अर्थला. पांढऱ्या वायरीत येणाऱ्या एसीचा अर्धाच भाग तो बॅटरीला देतो, म्हणून हे चार्जिंग हाफ वेव्ह. पिवळ्या वायरीवरचे व्होल्टेज तो दाबून धरतो, नाहीतर गाडी रेस केल्याबरोबर हेडलाइटचा बल्ब उडेल.

यातून दोन गोष्टी निघतात आणि निदान त्यांच्यावरच उभे आहे. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि न्यूट्रलचा दिवा बॅटरीवर चालतात. हेडलाइट, मागचा लाल दिवा आणि मीटरचा दिवा थेट कॉइलवर. स्पार्क तर बॅटरीला विचारतही नाही. म्हणून बॅटरी पूर्ण मेलेली असली तरी गाडी एका किकमध्ये सुरू होते, आणि दुखणे महिनोन्‌महिने अंगावर काढले जाते.

हॉर्न मेला आहे पण हेडलाइट लख्ख आहे, तर कॉइल आणि मॅग्नेट बहुधा ठीक आहेत. दोष बॅटरी, फ्यूज, लाल वायर, अर्थ किंवा रेक्टिफायरमध्ये शोधा. हॉर्नही मेला आणि हेडलाइटही रेस केल्यावर पिवळाच, तर संशय कॉइल, मॅग्नेट किंवा मुख्य अर्थवर. हेडलाइटचे बल्ब वरचेवर उडतात, तर पिवळ्या वायरीचे नियंत्रण सुटले आहे: रेक्टिफायर खराब किंवा त्याचा अर्थ तुटलेला. बॅटरीचे पाणी भरभर आटते आणि आजूबाजूला पांढरी-हिरवी बुरशी येते, तर चार्जिंग कमी नाही, जास्त आहे.

एक पैसा खर्च न करता पाहायची गोष्ट

अंधारात गाडी भिंतीला पाठ करून उभी करा, चावी ऑन करा, इंजिन बंद ठेवा, कुठलाही ब्रेक दाबू नका. भिंतीवर लाल उजेड पडला तर ब्रेक लाइट अडकला आहे. मागच्या ब्रेकच्या पायडलजवळचा स्विच चिखलाने घट्ट होतो, त्याची स्प्रिंग ताणून जाते, किंवा ब्रेक घट्ट करताना कुणी त्याचा नट फिरवून ठेवतो. दहा वॅटचा बल्ब म्हणजे जवळजवळ 0.8 अँपिअर, सतत. हाफ वेव्ह चार्जिंग गावातल्या संथ फेऱ्यांमध्ये एवढेही भरून काढू शकत नाही. स्विचचा नट फिरवून, पायडल सुमारे एक सेंटिमीटर दाबल्यावर दिवा लागेल असे लावा. बऱ्याच गाड्यांचे दुखणे इथेच संपते आणि मॅग्नेटला हात लावायची वेळ येत नाही.

जोडीला नंतर बसवलेले काय काय आहे ते पाहा: संगीतमय हॉर्न, हँडलवरचा मोबाइल चार्जर, पांढऱ्या एलईडी पट्ट्या. हे सगळे फ्यूजच्या आधी थेट बॅटरीवर जोडलेले असेल तर चावी बंद असतानाही बॅटरी पीत राहते. तपासणीपुरते सगळे सोडवून बाजूला ठेवा.

हत्यारे

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, पण त्याची स्वतःची बॅटरी ताजी असू द्या. ती उतरली की स्वस्त मीटर व्होल्टेज वाढवून दाखवतो आणि तुम्ही चांगला रेक्टिफायर फेकून देता. मॅग्नेट उघडायची वेळ आली तर स्प्लेंडरचा मॅग्नेट पुलर (मॅग्नेट ओढून काढायचे हत्यार), मॅग्नेट धरायचा होल्डर, गोटी पाने, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर, पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि थोडे पेट्रोल. पुलर गाडीचे नाव सांगून मागा. आटे जुळत नसलेला पुलर जोर लावून बसवला तर मॅग्नेटचे आटे जातात, आणि मग मॅग्नेटच बदलावा लागतो.

बॅटरी

बॅटरी बाहेर काढून चार्ज करा. तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे 0.25 अँपिअरने, दहा-बारा तास. कारचा पाच-सहा अँपिअरचा चार्जर या छोट्या बॅटरीला उकळवून टाकतो. बिरड्या काढून, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवून चार्ज करा. तिथे विडी-काडी नको, निघणारा वायू पेट घेतो. डोळ्यांवर चष्मा असू द्या. आम्ल सांडले तर त्यावर खायचा सोडा टाका आणि भरपूर पाण्याने धुवा.

चार्ज संपल्यावर किमान चार तास तशीच ठेवा, मग मोजा. 12.6 ते 12.8 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. 12.4 म्हणजे पाऊण. 12 च्या खाली म्हणजे चार्ज टिकलाच नाही. 10.5 च्या आसपास अडकली असेल तर सहातला एक सेल मेला आहे, अशा बॅटरीवर चार्जिंगची पुढची कुठलीही चाचणी खरी येणार नाही. आता गाडीवर जोडून इंडिकेटर आणि ब्रेक लाइट एक मिनिट चालू ठेवा. व्होल्टेज 11.5 च्या वर राहिले पाहिजे. हॉर्न दाबल्यावर ते नऊ-दहावर कोसळत असेल तर बॅटरी बदला.

नवी बॅटरी घेताना फसगत होते ती पहिल्या चार्जमध्ये. कोरडी बॅटरी, त्यात आम्ल भरले, पाच मिनिटांत गाडीवर चढवली: अशी बॅटरी तिची पूर्ण क्षमता कधीच गाठत नाही. आम्ल भरल्यावर अर्धा तास मुरू द्या, पातळी पुन्हा वरच्या खुणेपर्यंत आणा, मग 0.25 अँपिअरने पहिला चार्ज पूर्ण द्या. हा चार्ज गाडीचे चार्जिंग देऊ शकत नाही. नंतर पातळी कमी झाली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. पुन्हा आम्ल घातले तर प्लेटा खाल्ल्या जातात. आरओचे किंवा विहिरीचे पाणीही चालणार नाही. बॅटरीची हवा बाहेर नेणारी नळी खाली चेनच्या बाजूला न सोडता मोकळ्या जागी सोडा आणि ती कुठे चिमटली नाही ना ते पाहा.

गाडी चालू करून मोजणे

आता भरलेली, तपासलेली बॅटरी गाडीवर आहे. इंजिन दहा मिनिटे गरम करा. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून काटे थेट बॅटरीच्या टोकांना लावा, वायरींच्या क्लिपांना नाही. स्प्लेंडरला आरपीएम मीटर नसतो, म्हणून 5000 आरपीएमचा अंदाज असा घ्या: टॉप गियरमध्ये साधारण 45 ते 50 च्या वेगाला इंजिनाचा जो आवाज येतो, तो. न्यूट्रलमध्ये डबल स्टँडवर तेवढे रेस करा.

आयडलला व्होल्टेज तेरापर्यंत गेले नाही तरी घाबरू नका, हाफ वेव्ह चार्जिंग आयडलला अशक्तच असते. रेस केल्यावर ते 13.5 ते 14.5 मध्ये आले पाहिजे. हेडलाइट लावून पुन्हा मोजा, थोडे खाली येईल पण आयडलपेक्षा चढलेले दिसले पाहिजे. 12.6 ला होते ते रेस केल्यावरही 12.6 च राहिले, तर चार्जिंग नाही. 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर सुटला आहे, अशी गाडी पळवू नका.

एक सवय इथेच सोडून द्या. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून, हॉर्न वाजतो का ते पाहणे. बॅटरी हाच या सगळ्या यंत्रणेचा गादीसारखा आधार आहे. ती सुटली की लाल वायरीवर व्होल्टेजचे झटके येतात आणि चांगला रेक्टिफायर, कधी इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशरही, त्याच क्षणी जातो. बॅटरीच्या टोकांवर वायर घासून ठिणगी पाहणे हाही असाच घातक प्रकार.

वायरिंग: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

सुटे भाग बदलूनही दुखणे परत येते तेव्हा जुनाट वायर, गंजलेला कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) किंवा रंगावर आवळलेला अर्थ हेच कारण निघते. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने तांबे आतून हिरवे पडते. इतरत्र सर्व्हिसिंगच्या पाण्याचा झोत साइड कव्हरच्या आत थेट कपलरवर मारला जातो. वायर वरून धडधाकट दिसते, पण तिच्या आतल्या तारा काळ्या पडलेल्या असतात.

डोळ्यांनी पाहून हे कळत नाही, व्होल्टेज कुठे हरवते ते मोजावे लागते. इंजिन चालू, रेस केलेले, हेडलाइट लावलेला. मीटरचा एक काटा रेक्टिफायरच्या लाल पिनेला मागून घाला, दुसरा बॅटरीच्या प्लसला. मीटर जे दाखवतो तेवढे व्होल्टेज वाटेत वाया जात आहे. 0.2 पर्यंत ठीक. 0.5 असेल तर वाटेतला प्रत्येक जोड तपासा: रेक्टिफायरचा कपलर, फ्यूज होल्डर, बॅटरीची क्लिप. असेच रेक्टिफायरच्या हिरव्या पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा. रेग्युलेटर स्वतःच्या पिनांवरचे व्होल्टेज पाहून हात आखडता घेतो. त्याच्याकडे 14.3 असते आणि वाटेत एक व्होल्ट गळाला तर बॅटरीला 13.3 मिळतात. अशी बॅटरी कधी पूर्ण भरत नाही, हळूहळू तिच्या प्लेटांवर पांढरे सल्फेट बसते आणि चार महिन्यांत ती संपते. नवी बॅटरी दर वेळी ठरल्या मुदतीत का मरते, त्याचे उत्तर बहुतेक वेळा हे असते.

दुरुस्ती सोपी आहे, पण अर्धवट करू नका. कपलरमधली पिन काढून पाहा. पिवळट-तपकिरी झालेली, वितळलेल्या प्लॅस्टिकची पिन घासून भागत नाही, नवी टर्मिनल लावा. वायरीचे काळे पडलेले टोक चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापा, टर्मिनल दाबून बसवा, वर कथलाचा हलका डाग द्या, स्लीव चढवा. वायर आखूड पडली तर दीड चौरस मिलिमीटरची ऑटो वायर जोडा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यापुरता. फ्रेमवर जिथे अर्थचा बोल्ट आहे तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडून काढा, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावा. शंका असेल तर रेक्टिफायरच्या हिरव्या वायरीपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत एक जादा वायर टाका. एवढ्यानेच कितीतरी गाड्यांचे हेडलाइट बल्ब उडायचे थांबतात.

फ्यूजच्या जागी चांदी किंवा तांब्याची तार घातलेली आढळली तर ती काढा आणि होल्डरवर लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज घाला.

रात्रीतून बॅटरी उतरते का

चावी बंद करा. बॅटरीची मायनस वायर काढा आणि ती वायर व बॅटरीचे मायनस टोक यांच्यामध्ये मिलिअँपिअरवर ठेवलेला मीटर लावा. या गाडीत घड्याळ नाही, अलार्म नाही, म्हणून आकडा शून्याला चिकटलेला हवा. दहा मिलिअँपिअर दिसले तर हिशोब करा: दिवसाला 0.24 अँपिअर-तास गळती, म्हणजे 2.5 ची बॅटरी दहा-अकरा दिवसांत रिकामी. आता रेक्टिफायरचा कपलर सोडवा. आकडा शून्यावर आला तर रेक्टिफायर आतून गळतो, बदला. नाही आला तर एकेक गोष्ट सोडवत जा. मीटर असा लावलेला असताना चावी ऑन करू नका किंवा किक मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

कॉइल तपासणे, इंजिन न उघडता

रेक्टिफायरचा कपलर सोडवा. हेडलाइटचा स्विच बंद ठेवा आणि बंदच राहू द्या, कारण आता पिवळ्या वायरीला कुणी आवर घालणारे नाही आणि बल्ब क्षणात उडेल. मीटर एसी 200 वर. कपलरच्या गाडीकडच्या भागात पांढऱ्या आणि हिरव्या पिनेत काटे लावून किक मारा. आयडलला दहा-पंधरा व्होल्टच्या आसपास दिसतील. रेस केल्यावर तीस-चाळीसच्या पुढे चढले पाहिजेत. मीटर-मीटरमध्ये फरक पडतो, म्हणून नेमक्या आकड्यापेक्षा तो इंजिनाबरोबर चढतो का ते पाहा. इथे चढते व्होल्टेज मिळाले, वायरिंगची गळती नाही, बॅटरी चांगली, तरी चार्जिंग नाही, तर रेक्टिफायरच दोषी.

रेक्टिफायर मीटरने थेट तपासायचा प्रयत्न फार खरा निघत नाही, कारण त्याच्या आतला चार्जिंगचा भाग मीटरच्या इवल्याशा करंटने उघडत नाही. एवढेच पाहा: लाल आणि पांढऱ्या पिनेत दोन्ही दिशांनी पूर्ण कंटिन्युटी असेल, म्हणजे मीटरचा बझर वाजत असेल, तर तो शॉर्ट आहे. बाकी निदान वगळत वगळतच करायचे.

एसी चढत नसेल तर इंजिन बंद करून कॉइल प्लेटकडून येणाऱ्या कपलरवर ओम मोजा. काटे एकमेकांना टेकवून मीटरचा स्वतःचा रोध आधी लिहून घ्या, बहुतेक 0.2 ते 0.5, आणि तो प्रत्येक आकड्यातून वजा करा. पांढरी ते हिरवी साधारण एक ओम किंवा त्याहून कमी, पिवळी ते हिरवी त्याच्याहूनही कमी. पांढरी उघडी, म्हणजे मीटर काहीच दाखवत नाही, तर गुंडाळी किंवा तिचा डाग तुटला. कपलरवर आकडे बरोबर पण रेक्टिफायरपाशी एसी नाही, तर मधली वायर तुटली आहे, इंजिन उघडू नका.

इथे एक चूक हमखास होते. मोठ्या गाड्यांच्या थ्री-फेज चार्जिंगमध्ये तीन पिवळ्या वायरींपैकी एकही अर्थला लागता कामा नये, लागली तर कॉइल जळाली. तो नियम ऐकून लोक स्प्लेंडरची पांढरी वायर अर्थला लावून पाहतात, बझर वाजतो आणि चांगली कॉइल प्लेट भंगारात जाते. या गाडीत गुंडाळीचे एक टोक मुळातच अर्थला आहे. बझर वाजणारच.

कॉइल प्लेट बदलणे

गाडी डबल स्टँडवर, इंजिन थंड, बॅटरीची मायनस वायर काढलेली. नवी प्लेट हातात असेल तर बसवण्याआधी तिचे ओम मोजा आणि वायरींचे रंग जुन्या प्लेटशी ताडून पाहा. एकाच कपलरच्या, पण पिनांचा क्रम वेगळा असलेल्या प्लेटा आणि रेक्टिफायर बाजारात मिळतात. दुसऱ्या गाडीचा चार पिनांचा रेक्टिफायर कपलरमध्ये बसतो आणि पहिल्याच किकला जळतो.

गियर लिव्हरच्या दांड्यावर आणि लिव्हरवर जुळणारी खूण करा, बोल्ट पूर्ण बाहेर काढून लिव्हर ओढा. डावे कव्हर उघडताना त्याचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा. लांब बोल्ट आखूड जागी आवळला तर केसिंग फुटते.

कव्हर निघाले की चेनचे काळे ग्रीस पुसा आणि मॅग्नेटचा कप्पा पाहा. तो कोरडा असायला हवा. तेल दिसले तर क्रँकचे ऑइल सील किंवा प्लेटची ओ-रिंग गेली आहे. इतके उघडलेच आहे तर दोन्ही नवी टाकाच, नंतर त्यासाठीच पुन्हा उघडावे लागते.

मॅग्नेट होल्डरने धरा आणि मधला नट नेहमीच्या दिशेने, घड्याळाच्या उलट, सोडवा. होल्डर नसेल तर गाडी टॉप गियरमध्ये टाकून दुसऱ्याला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा. मॅग्नेटच्या खिडकीतून स्क्रूड्रायव्हर घालून अडकवू नका, तो मागच्या गुंडाळीत घुसतो. मग पुलर हाताने, आटे शेवटपर्यंत बसेतो फिरवा आणि मधला बोल्ट आवळा. सुटत नसेल तर ताण दिलेल्या बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा एक नेमका ठोका द्या. मॅग्नेटच्या कडेवर कधीही ठोकू नका. आतले चुंबक तडकतात, सुटतात, अशक्त होतात. असा मॅग्नेट नव्या कॉइल प्लेटलाही पुरेसे व्होल्टेज देऊ देत नाही, आणि दोष नव्या प्लेटच्या माथी लागतो.

क्रँकच्या टोकावरची अर्धचंद्री चावी काढून जपून ठेवा. तिच्या कडा पिळवटलेल्या असतील तर नवी घ्या.

प्लेटचे स्क्रू चपट्या डोक्याचे आणि वर्षानुवर्षे न हललेले असतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने प्रयत्न केला तर खाच जाते, इम्पॅक्टनेच सोडवा. वायरींचे रबर बूच केसिंगच्या खाचेतून हलकेच काढा. न्यूट्रल स्विचची फिकट हिरवी-लाल वायर वेगळी आहे, ती ओढून तोडू नका. वायर जिथून गेली आहे त्या वाटेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चेनला किंवा सायलेन्सरला घासणारी वायर हेच पुढच्या दुखण्याचे मूळ असते.

जुन्या प्लेटवर गुंडाळी काळी, ठिसूळ, भाजल्याचा वास येणारी असेल तर जळालेली आहे. फक्त डाग सुटला असेल तर तो पुन्हा द्या, प्लेट वाचेल. रीवाइंड करून घ्यायची असेल तर फेरे आणि तारेची जाडी जुन्यासारखीच ठेवायला सांगा, तार तांब्याचीच हवी, आणि वरून वार्निश देऊन नीट भाजून घ्या. वार्निश नसलेली गुंडाळी इंजिनाच्या हादऱ्याने आपापसात घासते आणि वर्षभरात पुन्हा शॉर्ट होते.

बसवताना सीलच्या ओठाला थोडे तेल, ओ-रिंग खाचेत, प्लेट सपाट टेकलेली. स्क्रू आलटूनपालटून आवळा. क्रँकचे निमुळते टोक आणि मॅग्नेटचे भोक पेट्रोलने पुसून अगदी कोरडे करा. इथे तेलाचा थेंबही नको, मॅग्नेट पकड त्या कोरड्या निमुळत्या भागावर धरतो. अर्धचंद्री चावी बसवा. मॅग्नेट चढवण्याआधी आत बोट फिरवून पाहा. जमिनीवर ठेवला होता तर वॉशर, खिळा, लोखंडाचा कीस हमखास चिकटलेला असतो आणि पहिल्या फेऱ्यात नवी गुंडाळी फाडतो. मॅग्नेट हाताने फिरवा, कुठे घासत असेल तर थांबा आणि प्लेट नीट टेकली का ते पुन्हा पाहा. नट तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा. ढिला राहिलेला मॅग्नेट चावी तोडतो आणि क्रँकचे टोक खराब करतो.

कव्हर लावण्याआधी किक मारून एसी आणि चार्जिंग दोन्ही मोजा. गियर लिव्हर खुणेवर बसवा.

एलईडी आणि जादा भार

पिवळ्या वायरीवर एसी आहे. त्यावर साधा डीसीचा एलईडी हेडलाइट लावला तर तो फडफडतो आणि लवकर मरतो. तोच बॅटरीवर नेला तर हाफ वेव्ह चार्जिंगवर भार पडतो. मूळचा 35 वॅटचा हेडलाइट बॅटरीवर घेतला तर नुसता त्यालाच 2.6 अँपिअर लागतात, ते हे चार्जिंग भरून देत नाही. भार वाढवायचाच असेल तर गुंडाळीचे अर्थचे टोक प्लेटवरून सोडवून स्वतंत्र वायरीने बाहेर आणतात, दोन्ही टोके फुल वेव्ह रेक्टिफायरला देतात आणि सगळे दिवे डीसीवर घेतात. सीडीआयच्या गुंडाळीचा आणि पल्सरचा अर्थ मात्र जागेवरच ठेवायचा, नाहीतर स्पार्क बंद. हे काम कॉइल प्लेट बाहेर आहे तेव्हाच करण्यासारखे आहे. सोबत बॅटरीही मोठ्या अँपिअर-तासाची लागते.

काम झाल्यावर बॅटरीचे उभे (इंजिन बंद असतानाचे) व्होल्टेज आणि रेस केलेले व्होल्टेज टाकीखालच्या टेपवर तारखेसह लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. 12.5 च्या वर असेल आणि पाण्याची पातळी खाली गेली नसेल तर चार्जिंग बरोबर बसले. पातळी एवढ्यातच उतरली असेल तर रेक्टिफायरचा अर्थ पुन्हा तपासा.